थोर संशोधक वाल्डेमार हाफकिन

मधल्या सुटीत डबा उघडताना पोळीचा तुकडा हातून खाली पडतो. आपण तो उचलतो, त्यावर फुंकर घालतो, सदऱ्याला पुसतो आणि तोंडात टाकतो. घरी उलथने जमिनीवर पडले तर पदराला पुसून पुन्हा भाजीत घातले जाते. अमरावती मार्गावरील आमच्या ह्या वाडीत काय, नागपूर शहरात काय किंवा जगाच्या पाठीवर कोठेही काय, असे न करणारे घर विरळाच. एवढ्याशा गोष्टीने काय होणार, असे आपणांस वाटते. परंतु जमिनीवर पडलेल्या एका लहानशा चिमट्यामुळे एकोणीस माणसे प्राणांस मुकली, व ज्याचा त्यात काडीमात्र दोष नव्हता अशा एका थोर पुरुषाच्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे काळवंडून गेली, अशी एक खरी हकीकत आहे. ज्यांचे नाव मुंबईच्या परळ येथील सुप्रसिद्ध संस्थेस दिलेले आहे, त्या वाल्डेमार हाफकिन ह्यांचे चरित्र आम्ही ह्या वर्षीच्या अंकात विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो.

हाफकिन ह्यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी वसलेल्या ओडेसा शहरी एका यहुदी कुटुंबात झाला. ते शहर त्या काळी रशियन साम्राज्यात मोडत असे. तेथील विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. मेचनिकॉफ हे जगद्विख्यात शास्त्रज्ञ त्यांचे गुरू होते. १८८१ साली त्या देशात यहुदी वस्त्यांवर जमावांचे हल्ले होऊ लागले, तेव्हा आपल्या लोकांच्या रक्षणासाठी हा विद्यार्थी पुढे सरसावला, जखमी झाला व कैदही झाला. मेचनिकॉफ ह्यांनी रदबदली केली म्हणून त्यांची सुटका झाली. पुढे त्यांची विद्वत्ता सर्वांस मान्य असूनही त्यांना अध्यापकाची जागा मिळेना. स्वतःचा धर्म सोडून राजधर्म असलेला ख्रिस्ती पंथ स्वीकारल्यास ती मिळाली असती. परंतु पोटासाठी धर्म बदलणे त्यांस मान्य नव्हते. आम्ही स्वतः ख्रिस्ती आहो, आणि हे लिहिताना आमची मान खाली जाते. ज्या प्रभूने वाटेवर जखमी होऊन पडलेल्याची सेवा परधर्मीयाच्या हातून झाल्याचा दृष्टान्त सांगितला, त्याचेच नाव घेणाऱ्या राज्याने ह्या तरुणास दार लावले, ही गोष्ट लपवून ठेवणे सत्यास धरून होणार नाही.

१८८८ साली हाफकिन ह्यांनी मायदेश सोडला. प्रथम स्वित्झर्लंडमध्ये व १८८९ साली पॅरिस येथे ते आले. लुई पाश्चर ह्यांच्या संस्थेत काम करावे ही त्यांची इच्छा. पण तेथे मोकळी असलेली जागा होती ती ग्रंथपालाची. त्यांनी ती आनंदाने पत्करली. पुस्तके सांभाळावी व उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत प्रयोग करावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

त्या वेळी पटकीच्या साथीने जगास ग्रासले होते. हा रोग कसा पसरतो ह्याविषयी विद्वानांतही मतभेद होते. दूषित हवेने तो होतो, असा जुना समज होता. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो ह्या डॉक्टराने रोग्यांची घरे नकाशावर मांडून, रोगाचे मूळ एका सार्वजनिक पंपाच्या पाण्यात आहे, असे दाखवून दिले. पुढे १८८३-८४ साली रॉबर्ट कॉख ह्या जर्मन शास्त्रज्ञाने ईजिप्त व कलकत्ता येथे शोध करून पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू जगापुढे आणला. रोग्याच्या मळातून तो विहिरीत, तळ्यात, तेथून घागरीत आणि घागरीतून अन्नात व पोटात जातो, हे आता निर्विवाद ठरले आहे.

ह्या जंतूविरुद्ध लस तयार करण्याचे काम हाफकिन ह्यांनी हाती घेतले. प्राण्यांवर प्रयोग यशस्वी झाल्यावर १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, पण थोड्याच दिवसांत ते बरे झाले. १८९३ साली ते हिंदुस्थानात आले. कलकत्ता, आग्रा व उत्तरेकडील इतर अनेक ठिकाणी फिरून त्यांनी टोचणीचे कार्य केले. लोकांच्या मनात संशय होता. तो त्यांनी धाकाने नव्हे, तर धीराने घालविला. कलकत्त्याच्या एका बस्तीत साथ उद्भवली असता तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर जे आजारी पडले ते लस न घेतलेल्यांपैकी होते. सुमारे अडीच वर्षांत ४२ हजारांहून अधिक लोकांस त्यांनी लस दिली. शेवटी हिवतापाने शरीर खंगल्यामुळे १८९५ साली त्यांस युरोपात परतावे लागले. परंतु १८९६ साली ते पुन्हा ह्या देशात आले.

त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईस मांडवी भागात प्लेग प्रकट झाला. शहर ओस पडू लागले. सरकारने हाफकिन ह्यांस पाचारण केले. ऑक्टोबर महिन्यात ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली, एक पडवी, एक कारकून व तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर त्यांनी कामास आरंभ केला. प्लेगचे जंतू वाढविण्यासाठी मांसाचा रस्सा लागतो. गाईच्या वा डुकराच्या मांसाचा रस्सा वापरल्यास हिंदू व मुसलमान दोघांच्याही भावना दुखावतील हे जाणून त्यांनी बोकडाचे मांस योजिले. रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेविले की त्यांना धरून जंतूंच्या झुंबरासारख्या जटा खाली लोंबू लागत. अशा रीतीने आपल्या स्वयंपाकघरातील तुपाचा उपयोग प्रयोगशाळेत झाला. १० जानेवारी १८९७ रोजी ही लसही त्यांनी प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली, आणि नंतर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली असता स्वखुषीने पुढे आलेल्या कैद्यांस दिली. लस घेतलेल्यांत रोगाचे प्रमाण पुष्कळच कमी आढळले. लशीची मागणी वाढत गेली. आगाखान ह्यांनी साहाय्य केले. आणि १८९९ साली परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग प्रयोगशाळा थाटण्यात आली. तेथून लक्षावधी मात्रा देशभर जाऊ लागल्या.

कीर्तीच्या ह्या शिखरावर असतानाच संकट कोसळले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल नावाच्या खेड्यात १०७ लोकांस पाच बाटल्यांतून लस टोचण्यात आली. काही दिवसांनी त्यांपैकी १९ जणांस धनुर्वात झाला व ते सर्व दगावले. ह्या एकोणिसांनाही एकाच बाटलीतील लस मिळाली होती. तिचा क्रमांक होता ५३-एन. बाकीच्या चार बाटल्यांतील लस घेतलेल्यांस काहीच झाले नाही.

चौकशी समिती नेमली गेली. हाफकिन ह्यांच्या प्रयोगशाळेत लस तयार करण्याच्या रीतीत नुकताच बदल झाला होता. पूर्वी तीत कार्बोलिक आम्ल घालीत, ते वगळून उष्णतेने निर्जंतुक करण्याची पाश्चर संस्थेची रीत स्वीकारली होती. समितीने एवढ्यावरून दोष प्रयोगशाळेच्या माथी मारला. हाफकिन ह्यांस कामावरून दूर करण्यात आले. ज्याने दोनदा स्वतःच्या देहावर प्रयोग केला, त्याच्यावर एकोणीस मृत्यूंचा डाग बसला. १९०४ साली ते खिन्न मनाने लंडनला गेले.

परंतु सत्य काय होते? धनुर्वाताचे जंतू मातीत राहतात. प्रतिकूल स्थितीत ते कठीण कवचाचे बीजाणू बनून वर्षानुवर्षे तग धरतात. अशा बीजाणूंस कार्बोलिक आम्लात क्षणभर बुडविल्याने काही होत नाही. ज्वालेत धरूनच उपकरण शुद्ध करावे लागते. मुलकोवाल येथे बाटली उघडण्यापूर्वी साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो त्याने आम्लात नुसता खळबळून घेतला आणि त्याच चिमट्याने बाटलीचे बूच काढले. शिवाय ही बाटली कित्येक आठवड्यांपूर्वी भरलेली होती. तीत भरतेवेळीच ते जंतू शिरले असते तर एवढ्या अवधीत ते वाढून उघडताना दुर्गंधी आली असती. तशी दुर्गंधी आली नव्हती. लंडनच्या लिस्टर संस्थेनेही पुराव्याची छाननी करून, जंतू बाटली उघडतेवेळी शिरले असावेत, असाच निर्वाळा दिला. १९०७ साली रोनाल्ड रॉस व इतर नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स पत्रात पत्र लिहून हाफकिन ह्यांच्यावर झालेला अन्याय उघड केला. अखेर त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले. तोपर्यंत घटनेस पाच वर्षे लोटली होती.

ते पुन्हा हिंदुस्थानात आले, पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांस परत मिळाली नाही. कलकत्त्यास त्यांनी काही वर्षे काम केले व पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास निवृत्त होऊन ते युरोपात गेले. १९२५ साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ते निवर्तले. ते अविवाहित होते. आपली संपत्ती त्यांनी यहुदी मुलांच्या धर्मशिक्षणार्थ ठेविली. भारत सरकारने १९६४ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आता आरंभीच्या पोळीच्या तुकड्याकडे व उलथन्याकडे वळू. धनुर्वाताच्या जंतूचा एक सख्खा भाऊ अन्नात राहतो. १८९५ साली बेल्जियममधील एका खेड्यात खारविलेले मांस खाऊन अनेक जण आजारी पडले व तिघे मेले. त्याचा शोध घेता घेता व्हॅन एरमेंगेम ह्या शास्त्रज्ञास हा जंतू सापडला. नीट न तापविता डबाबंद केलेल्या पदार्थांत हवेवाचून तो वाढतो व भयंकर विष निर्माण करतो. आपल्या नेहमीच्या भातातही मातीतून आलेले दुसऱ्या एका जातीचे बीजाणू असतात. तांदूळ शिजला तरी ते मरत नाहीत; भात कोमट स्थितीत तासन्‌तास राहिला की ते जागे होतात व विष सोडतात. हे विष पुन्हा भात तापविल्यानेही जात नाही, आणि मग सबंध घरास ओकाऱ्या लागतात. म्हणून अन्न गरम असतानाच खावे, किंवा उरल्यास लवकर निववून थंड जागी झाकून ठेवावे. पाण्याविषयी शंका असल्यास ते उकळावे. शौचाहून आल्यावर व जेवणापूर्वी हात साबणाने धुवावे. चिरून उघड्यावर ठेवलेली फळे बाजारातून घेऊ नयेत. पडलेले उलथने वा चमचा पुसू नये, धुवावा. ह्यांत खर्च फारसा नाही. लक्ष मात्र हवे. आपला शत्रू डोळ्यांस दिसत नाही, म्हणूनच सवय हेच आपले शस्त्र होय.

विद्यार्थ्यांस दुसरी एक गोष्ट सांगून लेखणी आवरती घेतो. मुलकोवाल येथील चूक कोणी द्वेषाने केली नाही. ती घाईने झाली. हाफकिन ह्यांच्यावरील ठपकाही घाईनेच ठेवला गेला. एका घाईने एकोणीस माणसांचा बळी घेतला, दुसरीने एका निरपराध माणसाची पाच वर्षे हिरावली. उपकरण पारखल्यावाचून वापरू नये, तसाच मनुष्यही पारखल्यावाचून दोषी ठरवू नये. वर्गात काही हरवले की पहिला संशय आपण ज्याचा कोणी पाठीराखा नाही अशाच मुलावर घेतो, हे आपल्या सर्वांच्या अनुभवाचे आहे. अशा वेळी बाटली क्रमांक ५३-एन आठवावी. मुंबईस गेलात तर परळच्या त्या संस्थेवरून जाताना क्षणभर थांबा. ज्या देशाने ज्याला जन्म दिला नाही व ज्याचा धर्म येथील बहुतेकांचा नव्हता, त्या माणसाने आपल्या पूर्वजांसाठी सुई प्रथम स्वतःच्या अंगात खुपसून घेतली होती.