रेचेल कार्सनबाईंचे कॉलेज

बारावीचे निकाल लागले की आपल्या मंडळात महिनाभर दुसरा विषय नसतो. कोणाची मुलगी कोणत्या कॉलेजात जाणार, तिथे जायला किती गाड्या बदलाव्या लागणार, वसतिगृह आहे की नाही, आणि मुख्य म्हणजे फी किती! त्यातच एखाद्या मुलीने, मला प्राणिशास्त्र शिकायचे आहे, जनावरांत, पाखरांत, माशांत काम करायचे आहे, असे म्हटले की आईच्या कपाळाला आठ्या पडतात. हे शिकून पुढे काय करणार, आणि त्यासाठी कॉलेज तरी कोणते धरायचे?

भगिनींनो, मी काही या विषयातली जाणकार नव्हे. पण अशाच पेचातून गेलेल्या एका थोर बाईंचे चरित्र माझ्या फार आवडीचे आहे. स्मरणिकेसाठी लेख हवा असे कळले तेव्हा त्याच बाईंविषयी लिहावे असे मनाने घेतले. त्या बाई म्हणजे अमेरिकेतील रेचेल कार्सन. कीटकनाशकांवरील त्यांच्या ग्रंथाने जगाला जागे केले हे पुष्कळांना ठाऊक असते. त्या कॉलेजात कशा गेल्या, तिथे काय झाले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. मला तर त्यांच्या आयुष्यातला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

रेचेलचा जन्म 27 मे 1907 रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यात स्प्रिंगडेल या लहानशा गावी झाला. गाव अलेघेनी नदीच्या काठी, पिट्सबर्ग या कारखान्यांच्या शहरापासून नदीने वर गेले की लागते. वडिलांनी साठाहून अधिक एकर जमीन घेऊन ठेवली होती. तिचे प्लॉट पाडून विकावेत आणि सुखाने संसार करावा हा त्यांचा बेत; पण प्लॉट काही मनासारखे खपले नाहीत. विम्याची कामे आणि इतर लहानसहान उद्योग करून घर चालले. घरात पाण्याचा नळसुद्धा नव्हता. थोरली बहीण मॅरियन आणि भाऊ रॉबर्ट रेचेलहून बरेच मोठे, म्हणजे ही घरातले शेंडेफळ.

आई मारिया लग्नापूर्वी शिक्षिका होती. लग्न झाले आणि नोकरी सुटली. शिकविण्याची तिची सारी हौस मग या धाकट्या लेकीवर फिटली. घराभोवती सफरचंदाची बाग होती, पलीकडे रान होते. मायलेकी तासन् तास हिंडावयाच्या. हा पक्षी कोणता, हे घरटे कोणाचे, हा किडा काय खातो, हे बघावयाच्या. याच्या जोडीला रेचेलला लिहिण्याचा नाद. 1918 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तिची गोष्ट मुलांच्या एका नामांकित मासिकात छापून आली. तेव्हापासून ही पुढे लेखिका होणार हे घरात ठरूनच गेले. प्राणिशास्त्राचे नावही कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

1925 साली शाळेतून पहिली येऊन ती बाहेर पडली आणि कॉलेजचा प्रश्न उभा राहिला. निवड झाली ती पिट्सबर्गच्या पेनसिल्व्हेनिया कॉलेज फॉर विमेन या संस्थेची. घरापासून जवळ, केवळ मुलींचे आणि लहानसे. विषय घेतला इंग्रजी. (1955 साली या कॉलेजचे नाव चॅटम झाले, 2007 मध्ये ते विद्यापीठ बनले आणि 2015 पासून पदवीच्या वर्गांत मुलांनाही प्रवेश मिळू लागला.)

प्रवेश मिळाला, पण पैसे कोठून आणावयाचे? शंभर डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली होती. तेवढ्याने भागणार नव्हते. आईने पियानोच्या शिकवण्या वाढविल्या आणि घरातली चांगली चिनी मातीची भांडी विकली. कॉलेजच्या प्रमुख कोरा कूलिज यांनी या हुशार मुलीसाठी आपल्या ओळखीच्या लोकांकडून गाजावाजा न करता मदत मिळविली. आपल्याकडे मुलीच्या शिक्षणासाठी आई हातातल्या बांगड्या मोडते, त्यातलाच हा प्रकार. शनिवार-रविवारी आई वसतिगृहात यावयाची आणि लेकीचे निबंध टंकलेखन यंत्रावर उतरवून द्यावयाची. सुखवस्तू घरांतल्या मुली मागून हसत असतीलही, पण मायलेकींनी तिकडे लक्ष दिले नाही.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. त्या कॉलेजात नियम असा होता की, विषय कोणताही असो, विज्ञानाचा एक अभ्यासक्रम प्रत्येकीने पुरा करावा. दुसऱ्या वर्षी रेचेलने तेवढ्यापुरते जीवशास्त्र घेतले. शिकवायला होत्या मेरी स्कॉट स्किंकर. राहणी टापटिपीची, शिस्त कडक आणि गुण देताना हात अगदी आखडता! पण त्या मुलींना सूक्ष्मदर्शकाशी बसवीत, रानात नेत, जिवंत प्राणी दाखवीत. लहानपणी आईचे बोट धरून जे पाहिले, त्याच्यामागे एवढे मोठे शास्त्र उभे आहे हे रेचेलला तिथे प्रथम उमगले.

वर्ष-दीड वर्ष मनात घालमेल चालली. लिहिणे सोडावयाचे कसे, आणि हे तरी सोडावयाचे कसे? अखेर जानेवारी 1928 मध्ये, म्हणजे पदवीला दीड वर्ष उरले असताना, तिने विषय बदलला. त्या काळी विज्ञान शिकलेल्या बाईला कोठेतरी शिक्षिका होण्यापलीकडे फारशी वाट नव्हती. चांगली लेखिका होऊ घातलेली मुलगी बेडकांच्या मागे लागली याचे पुष्कळांना वाईट वाटले. प्रयोगशाळेची राहिलेली सारी कामे तिला उरलेल्या थोड्या दिवसांत भरून काढावी लागली.

त्याच वर्षी स्किंकरबाई पुढील अध्ययनासाठी कॉलेज सोडून गेल्या. त्यांच्यामागोमाग आपणही बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जावे असे रेचेलला वाटले. अर्ज केला, प्रवेशही मिळाला. पण पैशाअभावी जाता आले नाही. मन खट्टू झाले, तरी ती हातपाय गाळून बसली नाही. चार मैत्रिणी गोळा करून तिने कॉलेजात विज्ञानमंडळ काढले आणि त्याला आपल्या बाईंच्या नावाची आद्याक्षरे ग्रीक लिपीत दिली. 1929 साली ती विशेष प्रावीण्यासह पदवीधर झाली. कॉलेजचे कर्ज मात्र डोक्यावर उरले होते. त्यापोटी वडिलांच्या जमिनीचे प्लॉट तारण द्यावे लागले.

त्या उन्हाळ्यात तिला वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत काम करण्याची संधी मिळाली. ही संस्था 1888 साली स्थापन झालेली. उन्हाळ्यात ठिकठिकाणच्या विद्यापीठांतून संशोधक तिथे जमतात. होड्यांतून ताजे मासे, खेकडे, गोगलगायी येतात, समुद्राचे पाणी खेळविलेल्या टाक्यांत ठेवतात, आणि थोर प्राध्यापकाच्या शेजारच्याच टेबलावर कालची विद्यार्थिनी काम करते. स्त्रियांना तिथे प्रारंभापासून वाव होता. विशेष हे की समुद्राविषयी इतके वाचलेल्या रेचेलने तोवर समुद्र पाहिलाच नव्हता! बाविसाव्या वर्षी तिने तो प्रथम पाहिला. तिथे ती कासवाच्या मज्जातंतूंवर काम करी, आणि रिकामा वेळ किनाऱ्यावर भरती-ओहोटी बघण्यात जाई. त्या किनाऱ्याने तिचे पुढचे सारे आयुष्य ठरविले.

मग शिष्यवृत्तीच्या आधाराने ती जॉन्स हॉपकिन्समध्ये गेली. पण 1929 च्या शरद ऋतूत अमेरिकेत शेअर बाजार कोसळला आणि मंदी आली. पुढच्या वर्षी घरची सारी मंडळी तिच्याच आसऱ्याला बाल्टिमोरजवळ येऊन राहिली. आता शिकता शिकता कमावणे भाग पडले. एका प्रयोगशाळेत उंदीर आणि फळमाश्या सांभाळ, कोठे प्राणिशास्त्राचे वर्ग घे, असे चालले. प्रबंधाचा विषयही सहज हाती लागला नाही. आधी विषारी साप घेतले, मग खारी घेतल्या, काही जमले नाही. शेवटी मिशावाल्या कॅटफिश माशाच्या पिलांत आरंभीचे मूत्रपिंड कसे घडते याचा अभ्यास करून 1932 साली तिने एम.ए. पदवी मिळविली. डॉक्टरेटचे काम मात्र 1934 मध्ये पैशाच्या ओढीने सोडावे लागले, ते कायमचेच. पुढच्याच वर्षी वडील वारले.

स्किंकरबाई आता वॉशिंग्टनला सरकारी खात्यात प्राण्यांवरील परोपजीवी कृमींचे काम करीत होत्या. सरकारी नोकरीच्या परीक्षा दे, असा सल्ला त्यांनी रेचेलला दिला. मत्स्यव्यवसाय खात्याला तेव्हा सागरी जीवांवर रेडिओसाठी सोपे लिहून देणारे कोणीतरी हवे होते. शास्त्र जाणणारी आणि लिहिता येणारी व्यक्ती मिळेना. रेचेलजवळ दोन्ही होते! कॉलेजात ज्या दोन विषयांनी तिची ओढाताण केली, त्यांनीच तिला पोटाला लावले. 1936 साली परीक्षेत वरचे गुण मिळवून ती त्याच खात्यात जीवशास्त्रज्ञ म्हणून कायम झाली. अशा जागेवर आलेली ती दुसरीच स्त्री.

पुढे 1937 च्या आरंभी बहीण मॅरियन वारली आणि तिच्या दोन पोरक्या मुलींचा भार रेचेल आणि तिच्या आईने उचलला. दिवसा कचेरी, रात्री लेखन. ‘अंडर द सी-विंड’ हे पहिले पुस्तक नोव्हेंबर 1941 मध्ये निघाले आणि महिन्याभरात अमेरिका युद्धात ओढली गेली. पुस्तक मागे पडले. दहा वर्षांनी, 1951 साली, ‘द सी अराउंड अस’ आले आणि घरोघर वाचले गेले. 1952 मध्ये त्याला राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी कार्सनबाईंनी नोकरी सोडून सारा वेळ लेखनाला दिला. आपल्या गुरूंना हे यश बघता आले नाही. 1948 च्या डिसेंबरात स्किंकरबाई कर्करोगाने गेल्या. त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांची ही जुनी विद्यार्थिनीच धावून गेली आणि उशाशी बसून राहिली.

1962 साली ‘सायलेंट स्प्रिंग’ हा त्यांचा जगप्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित झाला. आपल्याकडे 1953 पासून हिवतापाच्या मोहिमेत घराघरांच्या भिंतींवर डी.डी.टी. फवारले जाई, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. तेच औषध अमेरिकेत शेतांवर, रानांवर विमानांतून सरसकट ओतले जात होते. झाडावर मारलेले औषध पानांबरोबर मातीत येते, मातीतून गांडुळात जाते, आणि गांडुळे खाणारा रॉबिन पक्षी मरून पडतो, ही साखळी कार्सनबाईंनी सामान्य माणसाला समजेल अशी उलगडून दाखविली. औषधे मुळीच वापरू नका असे त्यांचे म्हणणे नव्हते. बेसुमार वापराल तर पाखरे मरतील आणि किडे मात्र औषधाला दाद देईनासे होतील, असा त्यांचा इशारा होता.

औषधांच्या कारखानदारांनी गहजब केला. बाईंना डॉक्टरेट नाही, बाई अविवाहित आहेत, बाई भावनेच्या आहारी गेल्या आहेत, अशी टीका झाली. त्या वेळी त्यांना स्वतःला कर्करोगाने ग्रासले होते आणि ते त्यांनी जगाला कळू दिले नाही. 1957 साली भाची वारल्यावर तिच्या पाच वर्षांच्या मुलालाही त्यांनी दत्तक घेतले होते. अशा स्थितीत 1963 साली त्या सीनेटच्या समितीपुढे साक्षीला गेल्या. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञानविषयक समितीने त्यांच्या म्हणण्याला बळकटी दिली. 14 एप्रिल 1964 रोजी, छपन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. 1972 मध्ये अमेरिकेत डी.डी.टी.च्या वापरावर जवळजवळ संपूर्ण बंदी आली.

भगिनींनो, या चरित्रावरून मला असे वाटते की कॉलेज निवडताना नुसत्या नावाच्या मागे लागू नये. पिट्सबर्गचे ते लहानसे कॉलेज जीवशास्त्रासाठी कोणी निवडले नसते, खुद्द रेचेलनेही नाही. पण तिथे मन लावून शिकविणाऱ्या बाई होत्या, आणि विद्यार्थिनीला विषय बदलण्याची मुभा होती. म्हणून आपल्या मुलीसाठी चौकशी करताना तीन गोष्टी जरूर विचाराव्यात. शिकविते कोण? नुसती पुस्तके आणि बाटल्यांतले नमुने आहेत, की मुलींना शेतात, किनाऱ्यावर, गोठ्यात नेऊन जिवंत प्राण्यांत काम करू देतात? आणि दोन वर्षांनी मुलीचे मन दुसरीकडे वळले तर वाट मोकळी आहे का?

चौथी गोष्ट पैशाची, आणि ती एकट्या आईने सोसावी असे मला वाटत नाही. पैशापायी रेचेलचे विद्यापीठ एकदा हुकले आणि डॉक्टरेट कायमची राहिली. जे साधले ते आईच्या भांड्यांमुळे आणि कूलिजबाईंनी गुपचूप केलेल्या मदतीमुळे. आपल्या आळीतही अशी एखादी मुलगी असेल. वर्धापनदिनाच्या खर्चातून थोडे बाजूला काढून, नाव न लावता, तिच्या पहिल्या वर्षाच्या फीला मंडळाने हातभार लावला तर? कार्यकारिणीने याचा विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.