चरीचे नारायण नागू

दहावीच्या मुलांना शुभेच्छांऐवजी एखादं आयुष्य सांगावं, असं संपादक मंडळाने सुचवलं तेव्हा मला लांब जावं लागलं नाही. अलिबागहून वडखळकडे जाताना चरीचा फाटा लागतो. एस.टी.ने जाता-येता आपण सगळ्यांनी तो पाहिलेला आहे. बाकी आपल्या इतिहासाच्या पुस्तकात नारायण नागू पाटलांवर धडा होता, असं मला आठवत नाही. सरांना आठवत असेल तर त्यांनी कान धरावा!

खारेपाटाची शेती म्हणजे काय, ते इथल्यांना सांगायला नको. खाडीचं पाणी अडवायला बांध घालायचा, उधाणात तो फुटला की पुन्हा घालायचा. हे सगळं कुळाने करायचं, आणि भाताचा मोठा वाटा खोताच्या कणगीत जायचा. वर वेठ. शिवाय कुळाचं नाव कागदावर नाही, म्हणजे खोताच्या मनात आलं की जमीन गेली.

नारायण नागू आगरी समाजातले, याच मातीतले. शिकून पुढे आले होते आणि आपल्यापुरतं बरं चाललं तरी त्यांना कोणी बोल लावला नसता. ते गावोगाव पायपीट करून कुळांना एकत्र आणत राहिले. 1933 साली चरीला ठरलं, की खोताची जमीन कसायचीच नाही.

शेतकऱ्याचा संप गिरणीच्या संपासारखा नसतो, हे मला उशिरा उमजलं. गिरणी बंद पडली की मालकाचं नुकसान होतं. इथे नांगर थांबला की आधी आपलीच चूल विझते. तरीही चरी आणि आसपासच्या गावांनी तो 1939 पर्यंत, सहा वर्षं चालवला. लोकांनी डोंगरातून लाकूडफाटा आणून विकला आणि मिळेल त्या मजुरीवर दिवस काढले. मी ज्या क्षेत्रात काम करते तिथे तीन महिन्यांत निकाल दिसला नाही तर प्रकल्प गुंडाळतात. म्हणून या सहा वर्षांपाशी मी दर वेळी थांबते. ‘आणखी एक पावसाळा कळ काढा’ असं उपाशी माणसांना सांगायचं, आणि ते फसलं तर त्यांच्या डोळ्याला डोळा द्यायचा, ही जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली होती.

1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला सभेसाठी आले. सप्टेंबर 1937 मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं, आणि जानेवारी 1938 मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले. त्याच सुमारास, 1937 साली, नारायण नागूंनी ‘कृषीवल’ सुरू केलं. आपल्या घरी येणारा तोच पेपर. लिहिता-वाचता न येणाऱ्यांच्या बाजूने वर्तमानपत्र काढायचं, ही मला त्यांची सगळ्यात धाडसी गोष्ट वाटते.

1939 मध्ये सरकारच्या मध्यस्थीने संप मिटला. त्याच वर्षी मुंबई प्रांताचा कुळकायदा झाला आणि कुळाला कायद्याने संरक्षण मिळालं. खोती रद्द होण्याचा कायदा यायला मात्र 1949 साल उजाडलं. संपाला बसलेल्यांपैकी सगळेच तो दिवस पाहायला राहिले नसणार. पण आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांच्या आजोबांच्या नावावर जी जमीन झाली, तिच्या भातावर वाढलेली मुलं आपल्याच बाकांवर बसत होती.

मुलांनो, सुट्टीत एकदा चरीला उतरा.