तीस पुड्यांचा संसार



दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातल्या पाड्यापाड्यांवरून माणसे खाली उतरू लागतात. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, सगळीकडून कोयते, गोधड्या, भांडी आणि कडेवरची लेकरे घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल मात्र पावसाळ्यातच घेतलेली असते. ती बियाण्यात, दवाखान्यात, एखाद्या लग्नात केव्हाच संपून गेलेली असते. त्यामुळे कामाचा पहिला दिवस उजाडतो तोच देणे डोक्यावर घेऊन. जे ऊसतोडीला जात नाहीत त्यांच्याही घरी सोसायटीचे पीककर्ज, बचत गटाचा हप्ता, नाहीतर किराणा दुकानातली उधारीची वही, काहीतरी असतेच. देणेही फेडायचे आणि त्याच पैशांत चूलही पेटती ठेवायची, हा प्रश्न रविवारी आपल्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या किती जणांच्या मनात असतो हे आपण सारे जाणतो.

म्हणून आज आम्ही एका अशा गृहिणीचे चरित्र सांगणार आहोत, जिचा जवळजवळ सगळा संसार कर्जाच्या सावलीत गेला. रमाबाई भीमराव आंबेडकर. लोक त्यांना प्रेमाने रमाई म्हणतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली एका खटल्याच्या निमित्ताने धुळ्याला येऊन गेले. आपला भाग तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यातच होता. पण रमाबाई त्याआधीच जग सोडून गेल्या होत्या.

रमाबाईंचा जन्म १८९८ साली दापोलीजवळच्या वणंद गावी झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहत. आई रुक्मिणी लवकर गेली, मागोमाग वडीलही गेले. पोरकी भावंडे नातेवाइकांबरोबर मुंबईला भायखळ्याच्या चाळीत आली. १९०६ साली, वयाच्या नवव्या वर्षी रमाचे लग्न झाले. नवरा मुलगा शाळेत शिकत होता. लग्न लागले ते भायखळ्याच्या मासळी बाजारात, रात्री बाजार उठल्यावर. एका कोपऱ्यात मुलीकडचे, दुसऱ्या कोपऱ्यात मुलाकडचे, आणि पायांखालून गटाराचे पाणी वाहते आहे. सकाळी कोळिणी यायच्या आत वऱ्हाड पांगले. मांडव नाही, भाड्याचा हॉल नाही. या लग्नापायी कोणाच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर उभा राहिला नसावा. लग्नासाठी शेत गहाण टाकणाऱ्या आजच्या वधूवरपित्यांनी ही गोष्ट आपल्या मुलांना एकदा सांगायला हरकत नाही.

ज्या घरात ती सून म्हणून आली तिथे उसनवारी नवी नव्हती. सासरे सुभेदार रामजी पेन्शनवर होते. भीमाला एखादे पुस्तक हवे झाले की सुभेदार लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा दागिना मागून आणीत, तो मारवाड्याकडे गहाण ठेवीत आणि पेन्शन हातात आली की सोडवून परत करीत. हे फार बारकाईने पाहण्यासारखे आहे. कर्ज होते, पण ते कशासाठी घेतले हे ठरलेले होते, ते कोणत्या पैशातून फिटणार तेही ठरलेले होते, आणि दागिना ज्याचा त्याला परत जात होता. ज्या कर्जाचा शेवट घेतानाच दिसतो त्याची भीती कमी असते.

फेब्रुवारी १९१३ मध्ये सुभेदार वारले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमरावांना अमेरिकेत शिकण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. शिकून आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची असा करार होता. भीमराव न्यूयॉर्कला गेले आणि त्या साडेअकरा पौंडांतूनच पोटाला चिमटा घेऊन घरी काही पाठवीत राहिले. रमाबाई परळच्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहत होत्या. दोन लहान खोल्या, घरात दिरांच्या कुटुंबातली माणसे, आणि पाठवलेले पैसे येतील तेव्हा येतील.

१९१७ साली भीमराव परतले. त्यांचे सामान ज्या बोटीतून येत होते ती महायुद्धात बुडाली. नुकसानभरपाईचे जे पैसे मिळाले त्यांतले काही त्यांनी घरखर्चाला रमाबाईंच्या हाती ठेवले आणि उरलेल्यांतून बडोद्याचे भाडे केले. बडोद्यात काय झाले ते आपण शाळेत शिकलो आहोत. अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना, कचेरीतले शिपाई कागद लांबून फेकीत. नोकरी सुटली. करार अपुरा राहिला, आणि संस्थानाकडून शिक्षणाच्या खर्चाची मागणी पुढे काही वर्षे होत राहिली. ज्या देण्याची अट पाळू द्यायला समाजच तयार नव्हता, ते देणे मात्र त्या घराच्या माथ्यावर राहिले.

मग १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी लागली. पगार महिना साडेचारशे रुपये. त्या काळी ही मोठी रक्कम होती. अशा वेळी कोणत्याही घरात काय होते? नवी भांडी येतात, मोठी जागा बघितली जाते, नातेवाइकांचा राबता वाढतो. इथे तसे काही झाले नाही. लंडनचे शिक्षण अर्धवट राहिले होते आणि त्यासाठी पैसा साठवायचा होता. पगारातली ठरावीक रक्कम तेवढी रमाबाईंच्या हाती यायची, बाकी बाजूला पडायची. चाळ तीच राहिली, खोल्या त्याच राहिल्या.

रमाबाईंच्या हिशेबाची जी आठवण घरोघरी सांगितली जाते ती अशी. महिन्याचे पैसे हाती आले की त्या त्यांच्या तीस पुड्या बांधीत. दिवसाला एक पुडी. आजचा बाजार आजच्या पुडीत. एखाद्या दिवशी दोन पैसे उरले तर ते वेगळे ठेवायचे, आजारपण आले किंवा अवचित पाहुणा आला तर तेवढ्यापुरते. उद्याची पुडी आज सोडायची नाही.

आम्ही या पुडीवर बराच विचार केला. आपल्या घरांत काय होते ते पाहा. पगार, मजुरी किंवा कापसाचे पैसे आले की पहिले आठ-दहा दिवस मटण होते, पाहुणे होतात, तालुक्याच्या बाजारात फेरी होते. वीस तारखेनंतर दुकानदाराची वही उघडते. पुढच्या महिन्याचे पैसे येतात ते आधी त्या वहीत जातात, म्हणून पुढचा महिना आणखी लवकर संपतो. कर्ज एकदम वाढत नाही, ते महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत वाढते. पुडीने नेमके तेच दहा दिवस राखले जातात. शिवाय रमाबाईंचे शिक्षण फारसे झालेले नव्हते. जमाखर्चाची वही ठेवणे ही त्यांच्यासाठी सोपी गोष्ट नव्हती. पण फळीवर किती पुड्या उरल्या हे कोणालाही मोजता येते. ज्या घरात महिन्याला एकदाच पैसे येत नाहीत, रोजची मजुरी असते किंवा हंगामाला एकदम मिळते, तिथे तीसच पुड्या कशा होणार असे कोणी विचारील. हंगामाचे पैसे असतील तर आधी देण्याचा भाग काढून मग महिन्यांच्या पुड्या होतील. रोजची मजुरी असेल तर त्यातूनच चिमूटभर डब्यात. पुडीची लांबीरुंदी ज्याने त्याने ठरवावी.

जुलै १९२० मध्ये भीमराव लंडनला गेले. स्वतःची शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपये कर्ज, एवढ्यावर हा प्रवास होता. तिकडे ते अर्धपोटी राहून वाचनालयात बसत. इकडे रमाबाईंची भावंडे मजुरीला जाऊन जे काही आणे आणीत त्यांवर चूल पेटे. १९२१ साली लंडनहून आलेल्या एका पत्रात नवऱ्याने त्यांना कळवले की पाठवायला जवळ काही नाही, पैसे संपले तर अंगावरचे दागिने मोडून घर चालव, मी आल्यावर ते पुन्हा करून देईन. त्याच पत्रात मुलांचा अभ्यास कसा चालला आहे याचीही चौकशी होती. दागिने संपतील पण शाळा थांबता कामा नये, असा त्या घराचा क्रम होता. कर्ज झाले की आपल्याकडे पहिला घाव मुलांच्या शाळेवर पडतो. ऊसतोडीला जाताना धाकट्याला सांभाळायला मोठी मुलगी बरोबर घेतली जाते आणि तिचे वर्ष बुडते. सहामाही परीक्षेनंतर वर्गातली किती नावे गळतात हे आपल्या शाळांतल्या सिस्टरांना विचारावे.

सरपणासाठी रमाबाई शेण गोळा करीत, गोवऱ्या थापीत, शेणाच्या पाट्या डोक्यावरून वाहून आणीत. परदेशी शिकलेल्या माणसाची बायको शेण वेचते असे कोणी म्हणू नये म्हणून त्या अंधारात बाहेर पडत, अशी आठवण सांगतात. समाजातल्या काही लोकांनी वर्गणी काढून मदत देऊ केली तेव्हा त्यांनी ती नम्रपणे परत केली, असेही सांगतात. मदत नाकारलीच पाहिजे असे आम्ही म्हणणार नाही. अडचणीत शेजाऱ्याचा हात धरण्यात कमीपणा नाही.

या चरित्रातली एक गोष्ट मात्र आम्हांला झोंबते, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही. रमाबाईंना पाच मुले झाली. त्यांतला यशवंत तेवढा जगला. गंगाधर, रमेश, इंदू आणि शेवटचा राजरत्न, चौघे लहानपणीच गेले. राजरत्न गेला तो जुलै १९२६ मध्ये. एका लेकराच्या कफनाला घरात पैसा नव्हता म्हणून आईने आपल्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला, असे सांगतात. काटकसरीच्या गोष्टी सांगताना आपण हा भाग गाळतो. पण ज्या घरात देणे असते तिथे औषध पुढे ढकलले जाते, दूध कमी होते, आई शेवटी जेवते. रमाबाईंचे स्वतःचे शरीरही असेच झिजत गेले. पुड्या बांधताना औषधाची पुडी सर्वांत आधी बांधावी असे आम्हांला वाटते, आणि ती दुसऱ्या कशासाठीही सोडू नये.

१९२३ साली भीमराव पदव्या घेऊन परतले. त्याच वर्षाच्या अखेरीस रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. देशाच्या रुपयावर ग्रंथ लिहिणाऱ्या या विद्वानाच्या हाती वकिलीची सनद काढायलाही पैसे नव्हते. पुन्हा भथेनाच मदतीला आले. वकिली सावकाश जमली. १९२५ ते १९२८ बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत शिकवून महिना दोनशे रुपये मिळत, त्याचा घराला आधार झाला.

पुढे हात थोडा सैल झाला, दादरला राजगृह उभे राहिले. तेव्हाची एक आठवण धारवाडची सांगतात. बदलासाठी रमाबाई तिथे बळवंतराव वराळे यांच्या वसतिगृहात राहिल्या होत्या. अनुदान आले नाही म्हणून मुले उपाशी आहेत असे कळताच त्यांनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या आणि त्या गहाण टाकून धान्य आणवले. सासऱ्यांनी मुलाच्या पुस्तकासाठी दागिना गहाण ठेवला, सुनेने परक्यांच्या मुलांच्या भाकरीसाठी.

२७ मे १९३५ रोजी दीर्घ आजारानंतर राजगृहात रमाबाईंचे निधन झाले. वय अवघे सदतीस.

आपल्याकडे उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर लागते. ऊस दोघे तोडतात, मोळ्या ती बांधते, भाकऱ्या ती भाजते, आणि मुकादमाच्या वहीत तिचे नाव कुठेच नसते. आंबेडकरांच्या घरातली कर्जेही नवऱ्याच्याच नावावर होती. पण नवऱ्याने आपला हिशेब उघड मांडला. १९२८ साली ‘बहिष्कृत भारत’ या आपल्या पाक्षिकात बाबासाहेबांनी लिहिले की ते परदेशी असताना संसाराचा सगळा भार पत्नीने वाहिला, शेणाच्या पाट्या डोक्यावर घेतल्या, आणि अशा बायकोसाठी आपल्याला दिवसाच्या चोवीस तासांतला अर्धा तासही काढता येत नाही. पुढे पाकिस्तानच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९४० च्या अखेरीस निघाला. तो त्यांनी रमाबाईंच्या स्मृतीला वाहिला, आणि मित्र नसलेल्या, टंचाईच्या व काळजीच्या दिवसांत तिने आपल्याबरोबर किती सोसले ते पहिल्याच पानावर छापले.