थोर संख्याशास्त्रज्ञ डॉ. सुखात्मे

मुलांनो, तुम्ही सांगली जिल्ह्यातील कुंडल या गावी गेलात, तर तुम्हांला सगळीकडे उसाचे मळे दिसतील. तेथे सहकारी साखर कारखाना आहे. ऊस शेतात उभा असतानाच किती टन मिळेल, याचा अंदाज करावा लागतो. पुढे ऊस कारखान्याच्या काट्यावर येतो आणि अंदाज किती बरोबर होता, ते कळते. पण साऱ्या देशात गहू किती पिकला, हे कोणत्या काट्यावर पाहायचे? या प्रश्नाचे उत्तर शोधणारे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे शेजारच्याच सातारा जिल्ह्यातले होते.

त्यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी खटाव तालुक्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ साली ते गणित घेऊन पदवीधर झाले. नंतर ते लंडनला गेले. तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी संख्याशास्त्राचा अभ्यास केला आणि १९३६ साली डॉक्टरेट मिळवली.

गणित सोडवल्यावर तुम्ही ताळा करून पाहता ना? संख्याशास्त्रातही असाच ताळा असतो. समजा, तुम्ही एक फासा ६० वेळा टाकला. फासा सरळ असेल, तर प्रत्येक आकडा सुमारे १० वेळा यावा. सहा हा आकडा १२ वेळा आला, तर तो योगायोग समजावा. पण तो २५ वेळा आला, तर फासा सरळ आहे हे आपले म्हणणेच चुकीचे असले पाहिजे. मग किती फरक चालेल आणि किती चालणार नाही? हे ठरवण्याची एक रीत कार्ल पिअरसन यांनी १९०० साली सांगितली होती. या रीतीवर सुखात्मे यांनी १९३८ साली आपले संशोधन प्रसिद्ध केले.

भारतात परतल्यावर १९४० साली ते दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत काम करू लागले. त्या काळी पीक नजरेनेच ठरवत. या पद्धतीला आणेवारी म्हणत. १९४३ साली बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला आणि लाखो माणसे मरण पावली. देशात धान्य किती आहे, हे नीट माहीत असणे किती गरजेचे आहे, ते सर्वांना कळून चुकले.

सुखात्मे यांनी पीक कापणीचे प्रयोग देशभर सुरू केले. चिठ्ठी टाकल्याप्रमाणे गावे निवडायची, गावातील शेते निवडायची, शेतातील एक तुकडा आखायचा, तेथील पीक कापून वजन करायचे आणि त्यावरून सगळ्या जिल्ह्याचा हिशेब मांडायचा.

हा तुकडा केवढा असावा, यावर वाद होता. कलकत्त्याचे थोर संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस लहान तुकडे कापत. त्यात वेळ आणि पैसा वाचत असे. सुखात्मे यांनी लहान आणि मोठ्या तुकड्यांचे उत्पन्न ताडून पाहिले. लहान तुकड्यांवरून काढलेला अंदाज नेहमी जास्त येत होता. याचे कारण काय? कडेवरचे रोप आत की बाहेर, असा संशय आला, की कापणारा माणूस बहुधा ते आतच धरतो. १ मीटर बाजूच्या चौरसाची कड ४ मीटर असते. १० मीटर बाजूच्या चौरसाची कड ४० मीटर, म्हणजे दहापट असते. पण त्याचे क्षेत्र शंभरपट असते. म्हणून तुकडा लहान असला, की कडेची चूक मोठी होते. शिवाय ती एकाच बाजूची असल्यामुळे शेकडो तुकडे कापले तरी भरून निघत नाही. कागदावर धान्य जास्त दिसले, तर उपाशी राहण्याची वेळ गरिबावरच येते.

१९५१ साली सुखात्मे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. जगातील दोन-तृतीयांश लोक भुकेले आहेत, असे तेव्हा म्हटले जाई. सुखात्मे यांनी १९६१ साली नवा हिशेब मांडला. पोटभर अन्न न मिळणारे लोक १० ते १५ टक्के आहेत. निकस अन्न खाणारेही धरले, तर ही संख्या निम्म्यापर्यंत जाते, असे त्यांनी दाखवले. १९७१ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला.

निवृत्तीनंतर ते पुण्यास राहिले. माणसाची अन्नाची गरज रोज सारखी नसते. शरीर काही मर्यादेत कमीजास्त अन्नाशी जुळवून घेते, असे त्यांनी अमेरिकेचे डॉ. मार्गेन यांच्याबरोबर मांडले. यामुळे भुकेल्यांची संख्या कमी दिसू लागली. आहारतज्ज्ञ डॉ. गोपालन आणि अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांना हे पटले नाही. शरीर असे जुळवून घेते याला पुरेसा पुरावा नाही, असा आक्षेप घेतला गेला. असा आक्षेप योग्यच होता. दुसऱ्यांचे अंदाज ताडून पाहणाऱ्या सुखात्मे यांचेही म्हणणे ताडून पाहायलाच हवे होते. त्यात कोणाचा अपमान नाही.

२८ जानेवारी १९९७ रोजी पुण्यात डॉ. सुखात्मे यांचे निधन झाले. पीक विम्याची भरपाई ठरवण्यासाठी गावोगावी पीक कापणी प्रयोग होतात. तुमच्या शिवारात तो होईल, तेव्हा जरूर पाहायला जा. कडेवरची रोपे कशी मोजतात, याकडे नीट लक्ष द्या.