युद्धाला नकार आणि मौलाना आझादांनी मोजलेली किंमत

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत जर्मनीविरुद्धच्या युद्धात उतरल्याचं जाहीर करून टाकलं. इथल्या निवडून आलेल्या एकाही माणसाला विचारलं नाही. जवान इथले, पैसा इथला, निर्णय मात्र लंडनचा. मार्च १९४० मध्ये रामगढच्या अधिवेशनात मौलाना अबुल कलाम आझाद काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि या युद्धाला विरोध करायचा कसा, हा सवाल त्यांच्या पुढ्यात येऊन पडला.

मौलानांना हे नवीन नव्हतं. पहिल्या महायुद्धात त्यांच्या 'अल-हिलाल' साप्ताहिकाचा दोन हजारांचा जामीन सरकारने जप्त केला, मग दहा हजार मागितले. अंक बंद पडला. त्यांनी 'अल-बलाग' काढलं, तर १९१६ मध्ये बंगालमधून हद्दपार होऊन रांचीला जावं लागलं. तिथे १९१९ च्या अखेरपर्यंत नजरकैद. तिथेही ते जामा मशिदीत खुतबे देत राहिले, मदरसा उभा केला.

दुसऱ्या युद्धाच्या वेळी त्यांचं आणि गांधीजींचं एकमत नव्हतं, हे आपण बरेचदा विसरतो. गांधीजींना युद्धच मान्य नव्हतं. मौलानांचं म्हणणं वेगळं होतं: नाझींबद्दल आम्हाला काडीचीही सहानुभूती नाही, पण गुलाम देश दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी कसा लढणार? आधी आम्हाला आझाद करा, मग खांद्याला खांदा लावून लढू. जुलै १९४० मध्ये पुण्याच्या बैठकीत काँग्रेसने हीच भूमिका घेतली. ब्रिटिशांनी ती धुडकावली, तेव्हा सूत्रं पुन्हा गांधीजींकडे गेली.

मग सुरू झाला वैयक्तिक सत्याग्रह. पद्धत अगदी साधी, बरं का. मोर्चा नाही, हरताळ नाही. निवडलेल्या एकेका माणसाने आधी अधिकाऱ्यांना कळवायचं, मग चारचौघांत उभं राहून सांगायचं की या युद्धाला माणसं किंवा पैसा देणं चूक आहे. पोलिसांनी पकडलं तर तुरुंगात जायचं. नाही पकडलं, तर तेच सांगत दिल्लीच्या दिशेने चालू लागायचं. गर्दी जमवली की दंगा होण्याची भीती. शिवाय मागणी होती ती युद्धाविरुद्ध बोलण्याच्या हक्काची, आणि बोलायला एक माणूस पुरतो. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनारमध्ये विनोबांनी सुरुवात केली. चार दिवसांनी ते आत गेले. मे १९४१ पर्यंत शिक्षा झालेल्यांचा आकडा २५ हजारांच्या पुढे गेला.

हा प्रकार फार मवाळ आहे, असं तेव्हा अनेकांना वाटलं. ते काही अगदीच चूक नव्हतं. सैन्यभरती यामुळे थांबली नाही. पण भारत या युद्धात राजीखुशीने उतरलाय, हा दावा मात्र उघडा पडला. मौलानांनाही अलाहाबादेत अटक झाली, नैनी तुरुंगात ठेवलं आणि डिसेंबर १९४१ मध्ये सोडलं.

पुढच्या ऑगस्टमध्ये मौलाना मुंबईच्या बैठकीसाठी कोलकात्याहून निघाले, तेव्हा बेगम जुलेखा दारापर्यंत निरोप द्यायला आल्या. त्या आजारी होत्या. ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे मौलानांना उचलून नेहरू, पटेल, असफ अली यांच्यासोबत आपल्या अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) किल्ल्यात डांबलं.

१९४३ च्या सुरुवातीला बेगमची तब्येत आणखी खालावली. सरकारला काही सांगायचं असेल तर मी पोहोचवतो, असं तुरुंगाधिकाऱ्याने मौलानांना सुचवलं. मौलानांनी अर्ज केला नाही. ज्या सरकारची लढाई नाकारली, त्याच्याकडे मेहरबानी मागायची नव्हती. जेवण, चहा, लिहिणं, सगळं ठरल्या वेळी चालू ठेवलं. एप्रिलमध्ये इंतकालची तार आली. किल्ल्याच्या आवारात एक जुनी कब्र होती. तिच्याकडे ते पाहत बसत, असं त्यांनी 'गुबार-ए-खातिर'मधल्या पत्रात लिहून ठेवलंय.

सुटका झाली जून १९४५ मध्ये. हावडा स्टेशनवर तुफान गर्दी, मोटार हारांनी भरलेली. मौलानांनी ड्रायव्हरला आधी कब्रस्तानाकडे घ्यायला सांगितलं. मोटारीतला एक हार उचलून बेगमच्या कब्रीवर ठेवला आणि मनातल्या मनात फातिहा पढली.