विश्लेषण : कमी भारातही लोखंडी आस का तुटतो? धातूचा ‘थकवा’ मोजणारे ऑगुस्ट व्होलर कोण होते?

८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला. डबे एकमेकांवर चढून पेटले आणि ५०हून अधिक प्रवासी दगावले. रोज तोच भार वाहणारा आस एके दिवशी अचानक का तुटतो, याचे उत्तर एका जर्मन रेल्वे अभियंत्याने शोधले.

व्होलर कोण होते?

ऑगुस्ट व्होलर यांचा जन्म २२ जून १८१९ रोजी सोल्टाऊ येथे एका शिक्षकाच्या घरी झाला. हॅनोव्हरमध्ये शिक्षण घेऊन त्यांनी बर्लिनच्या बोर्सिग इंजिन कारखान्यात काम केले. १८४७ मध्ये ते रेल्वेच्या फ्रँकफुर्ट (ओडर) येथील कार्यशाळेचे प्रमुख झाले.

प्रयोग काय होता?

हादऱ्यांनी लोखंडाची अंतर्गत रचनाच बदलते व ते ठिसूळ होते, असा तेव्हाचा समज होता. व्होलर यांनी आधी धावत्या गाडीत आस किती वाकतो हे मोजले. मग आस भाराखाली सतत फिरवणारे यंत्र बनवले. फिरत्या आसाचा प्रत्येक भाग दर फेरीत एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो. अशा लाखो फेऱ्यांच्या नोंदी त्यांनी ठेवल्या.

निष्कर्ष कोणते?

१८७० मध्ये त्यांनी मांडलेले निष्कर्ष आजही पायाभूत आहेत. एका झटक्यात जो भार आस सहज पेलतो, तोच पुन्हा पुन्हा आला तर आस तुटतो. सर्वाधिक ताणापेक्षा ताणातील चढउतार महत्त्वाचा असतो. आणि ठरावीक मर्यादेखालच्या ताणात लोखंड, पोलाद जवळजवळ कायम टिकते.

गंजामुळे काय बदलते?

ही मर्यादा कोरड्या हवेतली. खारे पाणी असेल तर ती उरत नाही. तडा उघडताना त्याच्या टोकावरचे संरक्षक आवरण फाटते, उघडा पडलेला धातू पाण्यात विरघळतो आणि तडा पुढे सरकतो. भार सावकाश बदलत असेल तर पाण्याला जास्त वेळ मिळतो. म्हणून आजच्या गणितात फेऱ्यांबरोबर वेळही धरावा लागतो. १९६३ मध्ये पॅरिस आणि एर्दोगान यांनी दर फेरीत तडा किती वाढतो याचे सूत्र मांडले. त्यातही चढउतारच मुख्य आहे. ही तपासणी चुकली तर काय होते, हे १९८८ मध्ये हवाईत दिसले. खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे उडालेल्या अलोहा एअरलाइन्सच्या विमानाचे छत आकाशातच उडाले आणि एक कर्मचारी दगावली.

अखेर कशी झाली?

१८७४ मध्ये व्होलर स्ट्रासबर्गला रेल्वेचे संचालक झाले, १८८९ मध्ये निवृत्त झाले. २१ मार्च १९१४ रोजी हॅनोव्हरमध्ये वयाच्या ९४व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांनी निकाल केवळ तक्त्यांत छापले होते. त्यावरून इतरांनी काढलेला आलेख आज ‘व्होलर वक्र’ म्हणून ओळखला जातो.