बाळू पालवणकर : संघात हवा, पंगतीत नको

झरी जामणीहून वणीकडे येणाऱ्या एस.टी.त परवा मागच्या बाकावर दोन महाविद्यालयीन मुलांचा वाद रंगला होता. विषय कापसाच्या भावाचा नव्हता आणि परीक्षेचाही नव्हता. इंग्लंडमधील एका फुटबॉल क्लबाने आपल्या दोन स्ट्रायकरपैकी कोणाला ठेवावे आणि कोणाला विकावे, यावर ते हमरीतुमरीवर आले होते. ज्याने इतकी वर्षे गोल केले त्याला बाहेरची वाट कशी दाखवायची, असा एकाचा सवाल होता. दुसऱ्याचा हिशेब सरळ होता. वय वाढले, पाय मंदावले, अजून बरी किंमत येते आहे तोवर विकून मोकळे व्हावे. मुकुटबन मागे पडले तरी निकाल लागला नव्हता.

गोल, वय आणि किंमत या तीन मापांत हा प्रश्न बहुतेक ठिकाणी सुटतो. महाराष्ट्रात मात्र एका खेळाडूला संघात ठेवायचे की नाही, याचा खल जवळजवळ पंचवीस वर्षे चालला आणि त्यात ही तिन्ही मापे गौण होती. हा खेळाडू फुटबॉलपटू नव्हता, डावखुरा फिरकी गोलंदाज होता. भारतीय क्रिकेटचा पहिला मोठा गोलंदाज म्हणून आज ज्यांचे नाव घेतले जाते, ते बाळू पालवणकर.

पालवणकरांचे मूळ गाव कोकणातील पालवण. बाळूंचा जन्म मात्र १८७६ मध्ये धारवाडचा. कुटुंब चर्मकार समाजातील, म्हणजे त्या काळच्या व्यवस्थेत अस्पृश्य. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने बिऱ्हाड पुण्यात आले आणि गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळू लागले. घरची ओढाताण असल्यामुळे शिक्षण फार झाले नाही. एका पारशी क्रिकेट क्लबात मैदान झाडणे आणि खेळपट्टीवर रूळ फिरवणे या कामावर बाळू लागले. पगार महिना तीन रुपये. अधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायला मिळत, एवढीच त्यात गोडी.

१८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले आणि पगार एका रुपयाने वाढला. जाळी लावणे, खेळपट्टी आखणे, टेनिसचे मैदान तयार ठेवणे ही कामे होतीच. एके दिवशी एका गोऱ्या सभासदाने त्यांना गोलंदाजी करायला सांगितले आणि मैदानावरच्या गड्याच्या हातात काहीतरी निराळे आहे, हे क्लबाच्या ध्यानात आले. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामांकित इंग्रज फलंदाज. इतर सभासद येण्याच्या तासभर आधी तो मैदानावर हजर होई आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. बाळूंनी आपल्याला बाद केले की दर वेळी आठ आणे द्यायचे, असा त्याचा रिवाज होता असे सांगतात. चार रुपये पगाराच्या माणसाला आठ आणे थोडे नव्हेत. पण त्याहून मोठा लाभ निराळाच होता. पैसे देऊनही मिळाली नसती अशी तालीम पगारी नोकराला रोज मिळत होती. शेकडो तास त्यांनी गोऱ्यांना चेंडू टाकले. फलंदाजी करण्याची संधी मात्र त्या क्लबात त्यांना एकदाही मिळाली नाही. बॅट साहेबांची, चेंडू नोकराचा, अशी ती वाटणी होती.

या गोलंदाजाची ख्याती पुण्यातील हिंदू क्रिकेटपटूंच्या कानी गेली तेव्हा खरा पेच उभा राहिला. त्यांना शहरातील युरोपियन संघाला हरवायचे होते आणि त्यासाठी लागणारा गोलंदाज त्याच शहरात रूळ ओढत होता. संघातील तेलुगू सभासद त्याला घ्यावे या मताचे होते. ब्राह्मण सभासदांपैकी अनेकांचा विरोध होता. एकाच चेंडूला सर्वांचा हात लागणार, मग विटाळाचे काय, असा त्यामागचा विचार. गंमत अशी, की याच सुमारास ग्रेगने हा गोलंदाज न घेणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, असे जाहीरपणे सुचवले. प्रतिस्पर्धी संघाच्या आधारस्तंभानेच अशी शिफारस करावी आणि आपल्या माणसांनी मात्र काथ्याकूट करीत बसावे, हे दृश्य पुण्याने पाहिले.

शेवटी बाळूंना संघात घेतले गेले, पण कसे, ते पाहण्यासारखे आहे. मैदानावर चेंडू हातोहात फिरे, तेथे विटाळ नव्हता. चहापानाची वेळ झाली की बाकीचे खेळाडू तंबूत जात आणि बाळू बाहेर थांबत. त्यांचा चहा मातीच्या भांड्यात येई आणि ते भांडे नंतर फेकून दिले जाई. तोंड धुवायला पाणी हवे असेल तर अस्पृश्य समाजातील एखादा नोकर ते मैदानाच्या कोपऱ्यात नेऊन देई. जेवणाची पंगतही वेगळी. इतरांच्या बरोबरीने घाम गाळून आणि त्यांच्यापेक्षा जास्त बळी घेऊन आलेला माणूस उन्हात उभा राहून चहा पितो आहे आणि आतून त्याच्याच गोलंदाजीचे कौतुक ऐकू येते आहे, याची कल्पना आज करवत नाही. पण त्या तंबूत बसलेल्यांना त्यात काही वावगे वाटले नसावे. आपण मोठी सवलत दिली, असेच बहुतेकांना वाटले असणार.

बळी मात्र पडत राहिले. पुण्याच्या युरोपियनांना हिंदूंनी नमवले. पुढे साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध सामना ठरला. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून यजमानांनी आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवून ती टणक करून ठेवली होती, असे सांगतात. ज्याने वर्षानुवर्षे रूळच फिरवला, त्याच्यावर रुळाचाच प्रयोग! त्याचा उपयोग झाला नाही. बाळूंनी सात गडी टिपले आणि हिंदू जिंकले. पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचा जाहीर सत्कार केला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास काय हरकत आहे, असे रानड्यांनी हिंदू खेळाडूंना सुनावले. लोकमान्य टिळकांनीही बाळूंचे कौतुक केले. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर रानडे आणि टिळक या दोघांचे फारसे पटत नसे. या गोलंदाजाबाबत मात्र ते एका बाजूला आलेले दिसतात.

१८९६ मध्ये प्लेगने पुणे आणि मुंबई ग्रासली. त्या धामधुमीच्या काळात पालवणकर कुटुंब मुंबईला आले आणि बाळू परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. तेथेही आधी विरोध झाला. कर्णधार कीर्तिकर यांनी तो मोडून काढला. पोटापाण्याची सोय रेल्वेतील नोकरीने झाली. मुंबईचा जिमखाना पुण्याच्या एक पाऊल पुढे गेला, कारण तेथे सहभोजनालाही हरकत राहिली नाही. पुण्याने खेळू दिले, मुंबईने पंक्तीला घेतले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले आणि हिंदू १०९ धावांनी जिंकले. दुसऱ्या डावात बाळूंनी पाच गडी बाद केले. शिवरामही त्या संघात होता. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवण्याचे अप्रूप मोठे होते. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारकी पत्राने या विजयात निराळा अर्थ पाहिला. चर्मकार समाजातील भावांना संघात घेणे हाच त्याच्या दृष्टीने खरा विजय होता.

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदू, पारशी आणि मुस्लिम खेळाडूंचा पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. एकूण कामगिरी बेताचीच झाली. तेवीस सामन्यांपैकी सहा जिंकले आणि पंधरा हरले. महाराज स्वतः थोडेच सामने खेळले. बाळूंचे वय तेव्हा पस्तिशीचे. अनोळखी हवा, ओलसर खेळपट्ट्या आणि एकामागून एक सामने असे असताना त्यांनी ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. पुढे नेते झालेल्या आंबेडकरांना तरुणपणी बाळूंबद्दल मोठा अभिमान होता.

असा गोलंदाज आपल्या संघाचा कर्णधार व्हावा, हे ओघानेच आले असते. ते झाले नाही. १९१० नंतर दर मोसमाला मागणी होई, वृत्तपत्रांत पत्रे छापून येत आणि निवड समिती दुसऱ्या कोणाला तरी पसंत करी. शिवराम, गणपत आणि विठ्ठल असे तिन्ही धाकटे भाऊ हिंदू संघाकडून खेळू लागले होते. संघाचा कणा पालवणकरांचा आणि नेतृत्व दुसऱ्याचे, असा कारभार होता. यातही माणसांचे निरनिराळे नमुने दिसतात. १९१३ मध्ये कर्णधार एम. डी. पै यांचा त्यांच्या गौड सारस्वत ब्राह्मण समाजाने सत्कार केला. तेव्हा वयाने आणि अनुभवाने ज्येष्ठ असलेल्या बाळूंना हा मान मिळायला हवा होता, असे पै यांनी भर सभेत सांगितले. आपल्याच सत्कारात असे बोलायला धैर्य लागते.

१९२० च्या चौरंगी स्पर्धेत गोष्टी टोकाला गेल्या. बाळू आता चव्वेचाळीस वर्षांचे होते. मुस्लिम संघाविरुद्धच्या सामन्यातून त्यांना वगळण्यात आले. वयाचे कारण पुढे करता येण्याजोगे होते आणि एस.टी.तल्या त्या दुसऱ्या मुलाला ते पटलेही असते. पण प्रश्न केवळ बाळूंचा नव्हता. कर्णधार पै प्रकृतीमुळे खेळू शकत नव्हते. त्यांच्या जागी विठ्ठलचा हक्क डावलून दि. ब. देवधर यांना कर्णधार करण्यात आले. विठ्ठल तेव्हा हिंदू संघाचा सर्वोत्तम फलंदाज मानला जाई. देवधरांचा स्वतःचा दर्जा वादातीत होता. पुढे त्यांचे नाव भारतीय क्रिकेटमध्ये अजरामर झाले. पण ज्येष्ठता आणि कामगिरी हे निकष असतील तर ते पालवणकरांच्या बाबतीतच का गळून पडतात, हा सवाल उरतोच. विठ्ठल आणि शिवराम यांनी सामन्यातून माघार घेतली आणि ती का घेतली हेही जाहीर केले. आपल्याकडच्या क्रीडा इतिहासात जातीच्या अपमानाविरुद्ध खेळाडूंनी उघडपणे उचललेले हे अगदी आरंभीचे पाऊल होय.

लोकमत भावांच्या बाजूने झुकले. पारशांविरुद्धच्या पुढच्या सामन्यात विठ्ठल आणि शिवराम परतले आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. पै पुन्हा कर्णधार होते. सामन्यात एका टप्प्यावर ते मैदान सोडून गेले आणि हिंदू संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. त्यांनी हे हेतुपुरस्सर केले, असे मानले जाते. १९१३ चे त्यांचे भाषण आठवले तर ते खरे वाटते. ज्या पदाची वाट बाळूंनी दहा वर्षे पाहिली, ते त्यांना असे मित्राच्या उसन्या जागेवर, काही वेळापुरते मिळाले.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठलला रीतसर कर्णधार करण्यात आले. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली आणि चाहत्यांनी विठ्ठलला खांद्यावर उचलून घेतले. थोरल्या भावाचे खेळणे तोवर थांबले होते. प्रथम श्रेणीच्या अवघ्या तेहतीस सामन्यांत बाळूंच्या नावावर १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये झाला. तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते.

२००१ च्या 'लगान' चित्रपटातील कचरा हे पात्र पाहून अनेकांना बाळूंची आठवण झाली. तुलना तितकीशी न्याय्य नाही. कचऱ्याचा चेंडू अधू हातामुळे आपसूक वळतो. बाळूंचा चेंडू वळे तो पूना क्लबातील वर्षानुवर्षांच्या मेहनतीने. या घराण्याची कथा मुळातून वाचायची असेल तर विठ्ठलचे 'माझे क्रीडाजीवन' हे मराठी आत्मचरित्र शोधावे. ते सहज मिळत नाही, ही खेदाची बाब.

उतारवयात बाळू राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत त्यांचे नाव आहे. दलितांचा प्रश्न हिंदू समाजाच्या आत राहूनच सुटावा, असे त्यांचे मत होते आणि त्यामुळे आंबेडकरांशी त्यांचे अंतर वाढत गेले. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट आंबेडकरांविरुद्ध उभे केले. ज्या तरुणाला आपला अभिमान वाटत होता, त्याच्याशीच सामना. काँग्रेसला येथेही बाळूंच्या नावाचा उपयोग करून घ्यायचा होता, अशी शंका घेण्यास जागा आहे. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली आणि बाळूंना ११,२२५.

त्यानंतर ते सार्वजनिक जीवनात फारसे दिसले नाहीत. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. सांताक्रूझला झालेल्या अंत्यविधीला जुने क्रिकेटपटू आणि दलित समाजातील खासदार हजर होते.